स्तवनाचा आवाज आणि प्लगइनचा हिशेब

गेल्या वर्षी आषाढात आमच्या कारंज्यातील महिला मंडळाने ठरवले, की पर्युषण पर्वाच्या आधी आठ भजने घरीच ध्वनिमुद्रित करायची आणि समाजातील घराघरांत मोबाइलवर पोहोचवायची. अकोला किंवा अमरावतीच्या स्टुडिओत जाण्याचा विचार आधी झाला होता. परंतु गाणाऱ्या नऊ जणींपैकी चौघी सत्तरीच्या पुढच्या, चातुर्मासात गाव सोडायचे नाही असा दोघींचा नियम, आणि सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याचा नेम तर सर्वांचाच. स्टुडिओचे तास आणि हे नेम यांचा मेळ बसेना. मग मंडळाने चाळीस हजार रुपये मंजूर केले. तंत्राची बाजू माझ्या बारावीतल्या नातवाकडे आली आणि हिशेबाची माझ्याकडे.

नातवाने दोन दिवसांत यादी दिली. तीत सतरा बाबी होत्या, त्यांतील तेरा प्लगइन. एकूण बेरीज एक लाख बारा हजार. बँकेत असताना प्रत्येक कर्जदाराला मी जे दोन प्रश्न विचारत असे तेच त्याला विचारले : या यंत्राने नेमके काय उत्पादन होणार, आणि ते चालवणार कोण? त्याला पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाचच बाबींविषयी देता आले. मी यादी परत केली आणि विषय संपला असे समजलो. तो संपला नव्हता. ती हकिकत पुढे येईलच.

आपल्या समाजात अनेक घरांतील मुले आज संगणकावर संगीत करू लागली आहेत. पंचकल्याणकाची गीते, दीक्षा समारंभाची गाणी, लग्नातील संगीत, सारे घरीच तयार होते. आईवडिलांपुढे 'प्लगइन घ्यायचे आहे' अशी मागणी येते, आणि दुकानाच्या व्यवहारात पैशापैशाचा हिशेब ठेवणारे वडील येथे मात्र एक तर डोळे मिटून होकार देतात किंवा डोळे मिटून नकार. मीही दुसऱ्या वर्गातलाच होतो. म्हणून चार महिन्यांत जे शिकलो ते येथे मांडतो.

प्लगइन म्हणजे काय, हे टॅली वापरणाऱ्याला समजावून सांगणे सोपे आहे. मूळ टॅली हिशेब ठेवते. बारकोडसाठी किंवा ग्राहकाला संदेश पाठवण्यासाठी आपण तिला वेगळी जोड बसवून घेतो. ही जोड एकटी चालत नाही, टॅलीच्या आतच चालते. ध्वनिमुद्रणाच्या मूळ प्रणालीला अशीच जी जोड लावतात ती प्लगइन. एखादे प्लगइन आवाजाचा पोत बदलते, एखादे खरखर काढते, एखादे तंबोरा किंवा तबला वाजवते. पूर्वी या प्रत्येक कामासाठी कपाटाएवढी यंत्रे लागत. जर्मनीतील हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग या कंपनीने १९९६ साली व्हीएसटी नावाची पद्धत आणली आणि ती इतर कंपन्यांसाठीही खुली ठेवली, तेव्हापासून कोणाचेही प्लगइन कोणाच्याही प्रणालीत बसू लागले. आज विंडोजवर व्हीएसटी-३, ॲपलच्या संगणकावर त्याखेरीज एयू, आणि प्रो टूल्स या प्रणालीसाठी एएएक्स असे प्रकार आहेत. विकत घेण्यापूर्वी आपल्या प्रणालीला कोणता प्रकार चालतो एवढे पाहिले नाही, तर पैसे देऊनही वस्तू निरुपयोगी ठरते.

पहिले मुद्रण आम्ही माझ्या घरच्या दिवाणखान्यात केले. खाली गुळगुळीत फरशी, वर पीओपीचे छत, एका बाजूला मोठी काच. गाणे ऐकले तर नऊ जणी विहिरीत उतरून गात आहेत असे वाटे. त्यात शेजारच्या कूलरची घरघर. नातू म्हणाला, "आजोबा, घुमारा काढून टाकणारे प्लगइन मिळते. आठ हजारांचे आहे." मी म्हणालो, आधी आठ आण्यांचा उपाय शोधू. माझ्या पुतण्याचे कापडाचे दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर त्याचे गोदाम. तिन्ही भिंतींना छतापर्यंत थान लावलेले, चौथ्या बाजूला ब्लँकेटचे गठ्ठे. तेथे उभे राहून टाळी वाजवली तर ती जागच्या जागी विरते. स्टुडिओवाले भिंतींना जो महागडा फोम लावतात त्याचे काम येथे सुटिंग-शर्टिंग आणि लुगड्यांनी केले होते. रविवारी बाजार बंद असताना सकाळी सात ते दहा, कूलर व पंखे बंद ठेवून, आम्ही तेथेच मुद्रण केले. घामाने सर्वांचे हाल झाले, पण आठ हजार वाचले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आवाज मुळातच स्वच्छ आला. घुमारा एकदा आवाजात मिसळला की तो काढणे म्हणजे चहातून साखर काढणे आहे. प्लगइन तो कमी करते, परंतु बरोबर आवाजाचाही थोडा अंश नेते.

कापडाचे व्यापारी ज्याला सर्वांत आधी ओळखतील असा एक धोका प्लगइनच्या निवडीत आहे. दुकानातील दिव्यांच्या झगमगाटात कोणतीही साडी उठून दिसते. जाणते गिऱ्हाईक ती दाराशी, उजेडात नेऊन पाहते. प्लगइनचेही तसेच. बहुतेक प्लगइन लावताच आवाज किंचित मोठा होतो, आणि माणसाच्या कानाला मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो. म्हणून प्लगइन लावल्यानंतरचा आवाज आधीच्या पातळीइतका खाली आणावा, मग ते चालू-बंद करून दोन्ही ऐकावे. शक्य तर ऐकणाऱ्याने डोळे मिटावेत आणि बटण दुसऱ्याने दाबावे. आम्ही असे केले तेव्हा मोफत चाचणीसाठी उतरवून घेतलेल्या सहा प्लगइनपैकी चारांमध्ये नातवाला स्वतःलाच फरक सांगता आला नाही.

मूळ प्रणालीबरोबर जे मिळते ते आधी पूर्ण वापरावे, हा माझा दुसरा आग्रह. आम्ही रीपर ही प्रणाली घेतली. तिची साठ दिवसांची चाचणी मोफत असते आणि व्यक्तिगत वापराचा परवाना साठ डॉलरचा. आवाजाचा पोत सुधारणारा इक्वलायझर, चढउतार आवरणारा कॉम्प्रेसर, खरखर कमी करणारे आणि घुमारा देणारे साधन, हे सारे तिच्यातच असते. ज्यांना एवढाही खर्च नको त्यांच्यासाठी ऑडॅसिटी पूर्ण मोफत आहे. ॲपलच्या संगणकावर गॅरेजबँड असतेच. इक्वलायझरमध्ये आणखी बारीक काम करायचे असेल तर टीडीआर नोव्हाची मोफत आवृत्ती भजनाच्या मुद्रणाला पुरून उरते. आवाजाचा आलेख डोळ्यांनी पाहायचा असेल तर व्हॉक्सेंगो कंपनीचे स्पॅन हे मोफत प्लगइन आहे.

किमतीविषयी बँकेच्या जुन्या सवयीने दोन शब्द. या धंद्यात छापील किंमत आणि विक्रीची किंमत यांचा संबंध फार थोडा. नोव्हेंबरच्या शेवटी ब्लॅक फ्रायडेच्या नावाने सवलतींचा पूर येतो, आणि काही कंपन्यांचा सेल तर वर्षातून इतक्या वेळा लागतो की पूर्ण किमतीला घेणारा गिऱ्हाईक अडाणी ठरावा. दुसरे, मासिक वर्गणी. महिना आठशे रुपये कानाला हलके वाटतात. वर्षाचे नऊ हजार सहाशे होतात, आणि वर्गणी थांबली की जुन्या गाण्याची फाइल उघडताना ते प्लगइन गप्प बसते. स्वतःचे दुकान आणि भाड्याचे दुकान यांतला फरक आपल्या वाचकांना मी सांगायला नको. वर्गणी घ्यायचीच असेल तर कार्डावरील आपोआप वजावटीच्या चोवीस तास आधी बँकेकडून जो संदेश येतो तो वाचत जावा. रिझर्व्ह बँकेने तो नियम ग्राहकाच्या सोयीसाठीच केला आहे, आणि तो संदेश न वाचता पुसून टाकणारे कितीतरी सुशिक्षित खातेदार मी पाहिले आहेत. डॉलरमधील किमतीवर कर आणि बँकेचे विनिमय शुल्क चढते, हेही आधीच धरून चालावे.

आता राहिलेली हकिकत. मी यादी परत केल्यानंतर नातवाने मला न सांगता एक महागडे प्लगइन कोठून तरी फुकट मिळवले. मुले त्याला 'क्रॅक' म्हणतात : कुलूप तोडलेली प्रत. गोदामातल्या मुद्रणासाठी पुतण्याने दुकानातला संगणक वापरू दिला होता, कारण तो अधिक वेगवान होता. नातवाने ती प्रत त्यावर बसवली. बसवताना विषाणूरोधक प्रणाली बंद करा अशी सूचना आली, ती त्याने पाळली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडले तेव्हा टॅलीची एकही फाइल उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावापुढे अनोळखी अक्षरे आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी. जीएसटीचे विवरणपत्र भरायची मुदत चार दिवसांवर. पुतण्याकडे पेनड्राइव्हवर अकरा दिवसांपूर्वीची प्रत होती म्हणून निभावले. मधल्या अकरा दिवसांची बिले कागदी पुस्तकावरून पुन्हा भरावी लागली. नातू आणि त्याचा काका तीन रात्री बसले होते. काका त्याला एक शब्दही रागावून बोलला नाही, आणि त्याचाच मुलाला जास्त त्रास झाला असावा.

तो म्हणाला, "सगळे असेच वापरतात, आजोबा." हे खरे आहे, आणि म्हणूनच ते येथे लिहितो. कुलूप तोडलेल्या प्रतींतून खंडणीचे विषाणू पसरवणे हा गुन्हेगारांचा ठरलेला मार्ग आहे. कायद्याची बाजू पाहिली, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रणालीची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा वेगळा गुन्हा मानला आहे आणि त्याला कैदेची तरतूद आहे. पण आपल्याला कायद्यापर्यंत जाण्याचेही कारण नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत 'तदाहृतादान' हा एक आहे : चोरून आणलेली वस्तू घेणे. आपण स्वतः चोरी केली नाही, कोणी तरी केलेली चोरी घरात घेतली, एवढेच. व्रतांची ही सूक्ष्मता पाठशाळेत आपण पाठ करतो. मी ती त्या दिवशी प्रथम संगणकावर लागू होताना पाहिली. वीतरागाच्या स्तवनाला चोरीच्या साधनाने गोडवा आणायचा, यातील विसंगती नातवाला मी न सांगताच उमगली. माझीही चूक होतीच. मी नकार दिला, पर्याय दिला नाही. मोफत आणि प्रामाणिक साधने इतकी उपलब्ध आहेत हे मला त्याआधी ठाऊक असते, तर मुलगा त्या वाटेने गेला नसता.

चोरीइतका ठळक नसलेला एक दोष आहे, तो साठवणीचा. सवलती आणि मोफत वाटप यांमुळे महिन्याभरात नातवाच्या संगणकावर एकशे चाळीस प्लगइन जमले होते. काम उघडायला चार मिनिटे लागत, आणि कोणते लावावे या विचारात अर्धा तास. आम्ही दोघांनी मिळून परिग्रह-परिमाण केले : बारा, त्याहून अधिक नाही. तेरावे घ्यायचे तर एक काढायचे. हे मी गमतीने सुचवले होते. त्याने मात्र भिंतीवर कागद लावला.

त्या बारांचा वापर कसा केला ते थोडक्यात. मुद्रण चोवीस बिटमध्ये, आवाजाची उंच पातळी शून्याच्या खाली सहा ते बारा डेसिबल राहील असे. प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी दहा सेकंद सर्वांनी शांत राहायचे. त्या शांततेतली पार्श्वभूमीची खरखर ओळखूनच प्लगइन ती पुढच्या आवाजातून वजा करते. येथे हात सैल सोडू नये. खरखर सहा ते दहा डेसिबल कमी केली तर कान सुखावतो. पूर्ण पुसायला गेले की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. इक्वलायझरने स्त्रियांच्या आवाजातील ऐंशी ते शंभर हर्ट्झखालचा भाग काढून टाकला, कारण तेथे गळा नसतो, रस्त्यावरून जाणारा ट्रॅक्टर असतो. हार्मोनियम आणि आवाज दोन-तीनशे हर्ट्झच्या आसपास एकमेकांवर चढत होते, तेथे हार्मोनियमला थोडे मागे सारले. 'स' आणि 'श' टोचत होते त्यांना आवरणारे डीएसर नावाचे साधन हलकेच लावले. कॉम्प्रेसर दोनास एक या प्रमाणात, तीन डेसिबलपेक्षा जास्त न दाबता. जास्त दाबले की भक्तिगीताला जाहिरातीचा सूर येतो.

घुमाऱ्याची गोष्ट मात्र मला फार आवडली. गोदामातील आवाज स्वच्छ होता पण कोरडा. देवापुढे गायल्यासारखा वाटेना. तयार प्लगइनमध्ये युरोपातील चर्च आणि सभागृहांचे घुमारे पुष्कळ मिळतात. आम्हाला आमच्या मंदिराचा सभामंडप हवा होता. असे करता येते, हे नातवाने शोधून काढले. एखाद्या जागेत एक क्षणभराचा तीव्र आवाज करायचा आणि तो विरेपर्यंतचा नाद मुद्रित करायचा. तो नमुना रीपरमधल्या रिआव्हर्ब या साधनाला दिला की कोणताही आवाज त्या जागेत गायल्यासारखा ऐकू येतो. पुस्तकी कृतीत फुगा फोडायला सांगतात. मंडपात पारव्यांची वस्ती आहे. त्यांना घाबरवायचे नाही म्हणून विश्वस्तांना विचारून दुपारच्या निवांत वेळी सागवानाच्या दोन फळ्या एकदाच एकमेकींवर वाजवल्या. पारवे तरी उडालेच, पण लगेच परतले. त्या दीड-दोन सेकंदांच्या नादात आमच्या आठही भजनांचा मंडप आहे. तो विकत मिळाला नसता.

सर्वांत अवघड निर्णय शेवटच्या भजनाचा होता. ते माझ्या थोरल्या वहिनींनी एकट्यांनी गायले. वय अठ्ठ्याहत्तर. आवाज कापतो, वरचा षड्ज किंचित खाली राहतो, आणि दुसऱ्या कडव्यात श्वास पुरत नाही. नातवाने सूर सुधारणारे प्लगइन लावले. या जातीतले सर्वांत प्रसिद्ध ऑटो-ट्यून १९९७ साली अँडी हिल्डेब्रँड यांनी बाजारात आणले. त्यापूर्वी ते तेलाच्या शोधासाठी भूगर्भातील ध्वनिलहरींचे विश्लेषण करीत. तेच गणित त्यांनी गळ्याला लावले. प्लगइन स्वर ओळखते आणि जवळच्या ठरलेल्या पायरीवर नेऊन बसवते. पायऱ्या बारा, हार्मोनियमच्या पट्ट्यांसारख्या समान अंतराच्या. आपल्या गाण्यात मींड असते, कणस्वर असतो, स्वर पायरीवर उडी मारून येत नाही, घरंगळत येतो. याच कारणाने, म्हणजे मींड आणि श्रुती तिच्यावर निघत नाहीत म्हणून, १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवरच बंदी घातली होती आणि ती तीसएक वर्षे टिकली. हार्मोनियमला तेव्हा जो दोष लावला गेला तो या यंत्राला शतपटीने लागू आहे, असे माझे मत झाले.

सुधारलेले भजन वहिनींच्या सुनेने ऐकले. ती म्हणाली, "छान आहे. पण कोण गातंय हे?" अचौर्याच्या त्याच पाच अतिचारांत 'प्रतिरूपकव्यवहार' आहे : अस्सल म्हणून सारखी दिसणारी नकली वस्तू देणे, तुपात डालडा मिसळणे. व्यावसायिक गायकाने ठरवून, श्रोत्यांना कळेल असा त्याचा उपयोग केला तर माझी हरकत नाही. ती त्याची कला. सामूहिक गाण्यात एखादा चुकलेला स्वर हलक्या हाताने सावरायलाही हरकत नसावी, आम्ही दोन ठिकाणी तसे केले. परंतु ज्या आवाजाने या घरातील तीन पिढ्यांना पाळण्यात णमोकार ऐकवला तो आवाज पुढच्या पिढीला देताना त्यात कोणाचे तरी बेरीज-वजाबाकीचे गणित मिसळलेले नको.

येथे मला आमच्या गावचेच एक उदाहरण आठवले. कारंज्याच्या शास्त्रभांडारांतील अपभ्रंश हस्तलिखिते १९३० च्या दशकात डॉ. हिरालाल जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संपादून जगापुढे आणली. 'णायकुमारचरिउ' (१९३३) त्यांतलेच. जाणता संपादक पोथीतील पाठ चुकीचा वाटला तरी पुसत नाही. स्वीकारलेला पाठ वर छापतो आणि पोथीतला तळटीपेत जपतो. आम्ही तोच शिरस्ता घेतला. प्रत्येक मुद्रणाची मूळ फाइल, प्लगइनचा स्पर्शही न झालेली, वेगळ्या डिस्कवर दोन ठिकाणी ठेवली आहे : एक माझ्या घरी, एक पुतण्याच्या तिजोरीत. नावात गायिकेचे नाव, तिथी आणि तारीख. उद्या अधिक चांगली साधने येतील, अधिक जाणता कान येईल, त्याला मूळ मिळाले पाहिजे.

सर्व झाल्यावर भजने महागड्या हेडफोनवर नव्हे, तर साध्या मोबाइलवर आणि मंदिराच्या भोंग्यावर लावून पाहिली. ऐकणारे तेथेच ऐकणार होते. भोंगा एकाच वाहिनीचा असतो; डाव्या-उजव्या कानांत आवाज पसरवणारे एक प्लगइन नातवाने हौसेने लावले होते, त्यामुळे भोंग्यावर मंजिरी जवळजवळ नाहीशी झाली. ते काढले. आवाजाची सरासरी पातळी यूट्यूबच्या प्रचलित मापाप्रमाणे उणे चौदाच्या आसपास ठेवली आणि व्हॉट्सॲपवर फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली, म्हणजे वाटेत ती आणखी दाबली जात नाही.

मंडळापुढे ठेवलेला हिशेब असा : इंटरफेस तेरा हजार पाचशे, मायक्रोफोन सहा हजार दोनशे, हेडफोन तीन हजार चारशे, स्टँड, वायर व फुंकर अडवणारी जाळी दोन हजार तीनशे पन्नास, रीपरचा परवाना करासह सहा हजार एकशे पन्नास, आणि यंत्रांची घरघर काढणारे एकमेव विकतचे प्लगइन, सवलतीत, पाच हजार एकशे पन्नास. एकूण छत्तीस हजार सातशे पन्नास. वहिनींचे भजन जसेच्या तसे गेले, कापऱ्या षड्जासह. त्यांनी ते एकदा ऐकले, दुसऱ्या कडव्यापाशी मान हलवली आणि तिसऱ्यातील एक शब्द आपण चुकीचा म्हटल्याचे सांगून पुढच्या चातुर्मासात तो नीट म्हणून देते असे नातवाला बजावले. उरलेल्या तीन हजार दोनशे पन्नासांतून मंदिरातील स्पीकरची जुनी वायर बदलली.